एका डब्यात दोन कार्डं

चि. टिल्लूस (हाताखाली माणसं आली तरी आमच्या लेखी तू टिल्लूच),

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? फार वेळ खुर्चीत बसू नकोस, हे मी खुर्चीत बसूनच लिहितो आहे. आईचे गुडघे बरे आहेत, निदान माझ्या मागे लागायला पुरतात. फोनवर बोललेलं पलीकडच्या खोलीत काकाला ऐकू जातं, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तू घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर मी खेळातली बस चालवतो, हे तुला ठाऊकच आहे. (जन्मभर खरी बस चालवून आता पुन्हा बसच का, असं आई विचारते. या बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कुणी भांडत नाही.) काका मात्र, काकू गेल्यावर आपल्याकडे राहायला आला तो खोलीबाहेरच येईना. जेवायला हाक मारली की यायचा, ताटाकडे बघत जेवायचा आणि परत दार लावून घ्यायचा. त्यात सामान हलवताना त्याचा कॉम्प्युटर जिन्यावरून गडगडला. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, तेवढं शाबूत राहिलं. ते त्याने रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. मी म्हटलं, आण इकडे, माझ्या कार्डाशेजारी बसवू, बस दुप्पट पळेल. त्याने बऱ्याच दिवसांनी मान वर केली.

"तुझं कार्ड कुठल्या कंपनीचं?"

"भावाभावांत कंपनी कसली विचारतोस?"

विचारायला हवं होतं. त्याचं कार्ड इतकं लांब निघालं की हार्ड डिस्कचा खण उपटावा लागला. झाकण लागेना, ते आईने कुंड्यांखाली घेतलं. दोघांना वीज पुरेना, म्हणून पॉवर सप्लाय मोठा आणला. शेवटी खेळातल्या सोयीप्रमाणे दोन्ही कार्डांत काम वाटून दिलं, तर माझं चपळ कार्ड प्रत्येक चित्रापाशी त्याच्या जुन्या कार्डाची वाट बघत थांबायला लागलं. बस उचक्या लागल्यासारखी चालायची. प्रवासी आधी उतरायचे, दार मागाहून उघडायचं. एक म्हातारा तर बसच्या बाहेर, हवेत बसल्या बसल्या बसबरोबर आला. ते बघून काका हसला, टिल्लू. आई हातातलं काम टाकून दारात आली.

आता रोज संध्याकाळी तो स्टूल ओढून माझ्या डावीकडे बसतो आणि रस्त्यावरच्या पाट्यांतल्या चुका काढतो. (छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस, दुसरं काय करणार?) जेवतानाही बोलतो, मुख्यतः माझ्या ब्रेक लावण्याबद्दल.

बाकी सर्व क्षेम. जपून राहा.

तुझा,
बाबा

ता. क. खरं काम राहिलंच. काकाचं कार्ड मी सेटिंगमध्ये जाऊन गुपचूप बंद केलंय. पंखा फिरतो, दिवा लागतो, त्यामुळे कळत नाही. बस आता झकास पळते आणि तो म्हणतो, बघ, माझं कार्ड रुळलं. खरं कळलं तर पुन्हा दार लावून घेईल. तेव्हा त्याला फोन करून सांग की ही सगळी दोन कार्डांची किमया आहे. तू त्या क्षेत्रातली, तुझं ऐकेल.

आणखी एक ता. क. टिल्लू, मी काका. पत्र टाकायला तुझ्या बाबाने माझ्याकडेच दिलं. वाचल्याशिवाय पाकीट चिकटवणं मला जमत नाही. शुद्धलेखन सुधारलं आहे. कार्ड बंद आहे हे मी त्याच संध्याकाळी हात लावून पाहिलं, खेळ चालू असूनही ते गार होतं. तू फोन कर, मी नवल वाटल्यासारखं करीन. बाबाला मात्र काही बोलू नकोस. शेजारी कुणी नसलं की तो सिग्नल पाळत नाही.