सत्तेचाळीस नंबरचा पितळी बिल्ला

मी, सेराफिना बर्नार्ड परेरा, वय अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व मर्जीने लिहिते. वाचायला भिंग लागते; बुद्धीला अजून काही लागत नाही. पती वारले तेव्हा कंपनीच्या कागदावर अंगठा दिला होता. या कागदावर सही करीन.

१. दोन खोल्यांचे घर, शिलाई मशीन आणि पोस्टातली शिल्लक माझ्या बहिणीची मुलगी मोनिका हिला द्यावी. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच. पंचेचाळिसाव्या वर्षी मला अक्षरे आली ती तिच्याच शाळेच्या पुस्तकातून.

२. पती बर्नार्ड बोटीवर खलाशी होते. दर बंदराचे एक नाणे आणत. ती एकेचाळीस नाणी, भिंग आणि नाण्यांच्या चित्रांचे पुस्तक मोनिकालाच. कोणते नाणे कुठले, ते पुडीवर लिहिले आहे. नाणे कडेने धरावे. विकायची झाली तर फोर्टातल्या चंद्रप्रकाश शेठकडे न्यावीत. भाव कमी सांगतो, पण कारणही सांगतो.

३. दीर सेबॅस्टियन याला काही नाही. एडनच्या मोठ्या चांदीच्या नाण्याला त्याने मुलीच्या साखळीसाठी भोक पाडले. मी बोलले तर म्हणाला, "वहिनी, मोम्बासाच्या नाण्याला असतंच ना भोक? मग?" ते सरकारने पाडलेले असते. सेबॅस्टियनच्या भोकाला बाजारात भाव नाही. ते नाणे त्यानेच ठेवावे.

४. आता बिल्ला. पतींच्या शेवटच्या पत्रात होते, "तुझ्यासाठी घेतलेली पेटी एका बंदरात ठेवायला दिली आहे. पुढच्या फेरीत बिल्ला दाखवून सोडवतो." पुढची फेरी झाली नाही. १९३४ साली कंपनीने कपडे, रोझरी आणि तो बिल्ला पाठवला. बंदराचे नाव पत्रात नव्हते, बिल्ल्यावर होते. पत्र फादरांनी वाचून दाखवले. बिल्ला मी कुणाच्या हातात दिला नाही. नऊ वर्षे दर नाताळला घरातल्या पितळेबरोबर चिंच-राखेने घासला. वाचायला शिकले तोवर नाव गेले होते. सत्तेचाळीस हा आकडा तेवढा उरला.

चंद्रप्रकाश शेठने पाहताच विचारले, "बाई, चिंच लावलीत?"

"दर नाताळला."

"काय केलंत हो! नावच पुसलंत की."

किंमत दोन आणे म्हणाला.

मग सर्वांत नव्या नाण्यांवरची साले पाहून शेवटच्या फेऱ्यांची तीन बंदरे काढली: मोम्बासा, बसरा, मसावा. बिल्ल्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसे उठवले. मोनिकाने तिन्ही बंदरांच्या कचेऱ्यांना इंग्रजी पत्रे लिहून सोबत ते ठसे पाठवले. दोन वर्षे उत्तर नाही. पेटी उरली नसेल, हे मला कळते. कुठे ठेवली होती, एवढे कळले तरी पुरे.

५. बिल्ला माझ्याबरोबर पुरू नये, घासू नये, विकू नये. मोनिकाने जपावा. उत्तर आले तर तिने कबरीपाशी येऊन ते मोठ्याने वाचावे. बर्नार्डची सगळी पत्रे मला दुसऱ्यांनीच वाचून दाखवली. हेही तसेच चालेल.

सही: सेराफिना बर्नार्ड परेरा
मरोळ, ता. २१ नोव्हेंबर १९५६

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
क्लेमेंट रॉड्रिग्ज, शेजारी (सही)
अंजनाबाई धर्मा भानजी, मासळी विक्री, वेसावे (डावा अंगठा)