शेगावला गेलेली जनकाबाई अकोल्यात वारली, त्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, खामगाव,
जि. बुलडाणा.

अर्जदार: इंद्रभान किसनराव टिकार, धंदा पिठाची चक्की, रा. बाभूळखेड, ता. खामगाव.

विषय: अर्जदाराच्या पत्नीस शेगावच्या नावाखाली अकोल्यास नेल्याबद्दल सावली महिला मंडळ, बाभूळखेड, यांची चौकशी होणे, त्यांच्या सहली कायमच्या बंद करणे व येत्या गुरुवारची सहल तातडीने रोखणेबाबत.

संदर्भ: याच विषयावर ग्रामपंचायतीस केलेली तोंडी तक्रार, जी सरपंचांनी चहा पाजून निकाली काढली.

महोदय,

जे घडले ते घडले तसे लिहितो.

१. दिनांक ६ नोव्हेंबर, गुरुवार. अर्जदार चक्कीवर ज्वारी दळत होता. पत्नी जनकाबाई सकाळीच मंडळाच्या सहलीला शेगावला गेली होती. जाताना भाकरी टोपलीत झाकून ठेवल्या आहेत म्हणाली, येताना प्रसाद आणते म्हणाली. दुपारी गावच्या आशा वर्कर व मंडळाच्या सभासद सारिका वाकोडे यांचा फोन आला. चक्कीच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून अर्जदाराने चक्की बंद केली. तेव्हा ऐकू आले ते असे: "काका, तुमी अकोल्याले या. आताच निघा." अर्जदार म्हणाला, "तुमी तं शेगावले गेल्या न? मंग अकोल्याले काऊन?" त्यावर ती नुसती रडायला लागली. आपली बायको गेली हे अर्जदाराला असे कळले. ती ज्या गावी गेलीच नव्हती, त्या गावी मेली.

२. सदर मंडळाची माहिती अशी. महिन्यातून एक दुपार या बाया ग्रामपंचायतीच्या सभागृहात जमतात. कधी पापड, कधी शिवण, आश्विनात भुलाबाईची गाणी. गाणी झाली की झाकलेला डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते एकमेकींना ओळखायला लावतात. महिन्यातून एक दिवस कडूबाच्या जीपने सहल. कुठे जायचे ते ज्या बाईची बारी असेल तिने सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, असा त्यांचा नियम आहे. त्याप्रमाणे नांदुरा झाले, सिंदखेडराजा झाले. गेल्या माघात लोणार झाले. लोणारनंतर मात्र दर महिन्याला शेगावच. बारी कोणाचीही असो, ती बाई शेगावच सांगे. अर्जदाराला वाटले बायांची भक्ती वाढली. आता कळते की हे संगनमत होते.

३. खरा प्रकार तेरवीच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्ष सिंधूताई यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला. लोणारला सरोवराच्या पायऱ्या चढताना जनकाबाई मध्येच खाली बसली. ओठ निळे पडले. सारिकाने तिला पुढच्या महिन्यात अकोल्याच्या डॉक्टरकडे नेले. हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावे लागेल, त्याची तारीख मिळेपर्यंत दर महिन्याला दाखवायला या, असे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून जीप शेगावला पोचली की आधी स्टेशनवर जायची. जनकाबाई, सिंधूताई आणि सारिका तिथे उतरून गाडीने अकोल्याला जायच्या. बाकीच्या देवळात जाऊन दर्शन घ्यायच्या, तिच्या नावचा प्रसाद घ्यायच्या आणि संध्याकाळी परत स्टेशनवर येऊन थांबायच्या. गावात शिरताना सगळ्या मिळून गाणी म्हणत शिरायच्या. ६ तारखेला ती दवाखान्याच्या बाकावर सारिकाच्या खांद्याला टेकून बसली होती. नंबर यायच्या आत गेली.

दवाखान्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार मंडळाबद्दल आहे. होळीपासून दिवाळीपर्यंत हे सगळ्या बायांना माहीत होते. घरी आम्ही दोघेच राहत होतो आणि दोघांपैकी एकाला माहीत नव्हते. डब्यात काय आहे हे ओळखायचा खेळ या बाया खेळतात. अर्जदाराला डबा आहे हेसुद्धा कोणी सांगितले नाही.

४. जीपवाला कडूबा हा अर्जदाराचा लहानपणचा सोबती. रोज सकाळचा चहा चक्कीवर घेतो, म्हणजे घेत होता. त्याला अर्जदाराने विचारले की तू तरी सांगायचे होते. तो म्हणाला, "भाऊ, गाडी माही होती. गोष्ट बायाइची होती." त्या दिवसापासून त्याचा कप अर्जदाराने खिळ्यावरून काढून ठेवला आहे. त्याचे प्रवासी वाहतुकीचे कागद तपासावेत ही विनंती.

५. नवऱ्याला का सांगितले नाही, असे विचारले असता सिंधूताईंनी जनकाबाईचेच शब्द सांगितले, ते जसेच्या तसे देतो: "त्यायले सांगसान तं मले खाटंवर बसवतीन. माह्यं घराभायेर पडनं बंद. म्या उंबऱ्याच्या आत बसून नाही मरत, बाई."

यावर अर्जदाराचे म्हणणे असे की, होय, बंद केले असते. जीप बंद, सभागृह बंद, पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नसती. त्यासाठीच घरात माणूस असतो. तेव्हा बंद करता आले नाही म्हणून आता बंद करून मागत आहे.

६. आपल्याकडे येण्यापूर्वी अर्जदाराने स्वतः जी कारवाई केली ती लपवत नाही. मंडळाच्या एकाही बाईचे दळण तो घेत नाही. तरी त्या डबे आणून चक्कीपुढे ओळीने मांडून ठेवतात आणि ओट्यावर बसून राहतात. सिंधूताई म्हणतात, "दळण नोको देऊ, इंद्रभान भाऊ. जेवला का, तेवढं सांग." हा प्रश्न विचारण्याचा त्यांना काय अधिकार आहे, याचाही खुलासा व्हावा. दुसरे, सभागृहात उजेडासाठी चक्कीवरून वायर दिलेली होती. ती नियमात बसत होती की नाही हे साहेबांनी ठरवावे, पण अर्जदाराने ती काढून घेतली. त्या दिवशी बायांनी मोबाईलच्या उजेडात कार्यक्रम केला आणि गाणी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली. शेवटचे गाणे जनकाबाईच्या आवडीचे होते. चक्की चालू केली तरी ते ऐकू येत होते.

७. प्रसादाबाबत. दर सहलीनंतर जनकाबाई चक्कीवर यायची. अर्जदाराचे हात पिठाचे असत म्हणून ती स्वतः त्याच्या तोंडात प्रसाद घालायची. तो डोळे मिटून खायचा आणि विचारायचा, "गर्दी होती काय?" ती म्हणायची, "होती न." तरी हा प्रसाद नेमका कोणी केलेल्या दर्शनाचा होता, हे मंडळाने महिनावार लेखी द्यावे. ६ तारखेलाही बाकीच्या बायांनी देवळातून तिच्या नावचा पुडा घेतलेला होता. तो त्यांनी अंत्यविधीनंतर अर्जदाराच्या हातात दिला. त्याने तो उघडलेला नाही. पुरावा म्हणून सोबत जोडत आहे. तपासून परत मिळावा.

८. आता तातडीचे. मार्गशीर्षात सहलीचे ठिकाण सांगायची बारी जनकाबाईची होती. काल सिंधूताई आणि सारिका अर्जदाराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या की तिने आपले ठिकाण आधीच सांगून ठेवले होते. काय सांगितले होते, तेही ऐकवले: "दर महिन्याले शेगावात उतरते अन् देवळाचं तोंड पाहत नाही. माह्या बारीले स्टेशनकडे नोका नेऊ. सीधं देवळात न्या." येत्या गुरुवारी, ११ तारखेला, मंडळ तिचा फोटो घेऊन शेगावला जाणार आहे. अर्जदारानेही जीपमध्ये यावे असे त्या म्हणाल्या. पुढची सीट त्याच्यासाठी ठेवली आहे म्हणे. अर्जदाराने दार लावून घेतले.

तरी विनंती की,

(अ) सदर मंडळ बरखास्त करावे व सभागृहाची किल्ली काढून घ्यावी.

(आ) मंडळाच्या कोणत्याही दोन बायांना घरच्या पुरुषाच्या लेखी संमतीशिवाय एका वाहनात बसू देऊ नये. असा नियम नसल्यास करावा.

(इ) गुरुवारची सहल पोलीस बंदोबस्तात थांबवावी. हे न जमल्यास मंडळाने दुसरीकडे कुठेही जावे, पण जनकाबाईच्या नावाने शेगावला जाऊ नये. तिला देवळात न्यायचे तर अर्जदार नेईल. इतके महिने त्यांनी तिला नेले. एवढे एक ठिकाण त्यांनी अर्जदारासाठी सोडावे.

(अ) आणि (आ) ला वेळ लागला तरी चालेल. (इ) चा निकाल गुरुवारच्या आत लागावा.

शेवटी एक नमूद करतो. आज सकाळी अर्जदार तिचा फोटो पिशवीत घालून शेगावला जायलाच घरून निघाला होता. खामगावला एस.टी. बदलावी लागते. शेगावची गाडी फलाटाला लागली, माणसे चढली, अर्जदाराला चढता आले नाही. मग तो आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात येऊन हा अर्ज लिहायला बसला. फोटो पिशवीतच आहे. जनकाबाईचे शेगावचे दर्शन राहिले आहे.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
इंद्रभान किसनराव टिकार
खामगाव, दि. ५ डिसेंबर २०२५