आमच्या घराचं सर्किट

२२ एप्रिल
आई दुपारी ओट्याजवळ चक्कर येऊन खाली बसली. डॉक्टर म्हणाले, यांना उन्हाळाभर थंडाव्यात ठेवा. आम्ही बदलापुरात, शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब. पप्पा कूलर आणायला निघाले. मी अडवलं. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, तीही इलेक्ट्रिकलची, घरात बसलेली असताना कूलर? आधी विज्ञान.

२४ एप्रिल
तत्त्व सोपं आहे. वीज वाहते तशीच उष्णता वाहते. तापमान म्हणजे व्होल्टेज, वाट अडवणारी भिंत म्हणजे रेझिस्टर, उष्णता साठवणारा स्लॅब म्हणजे कपॅसिटर. अख्खं घर एका बोर्डवर मावतं. उल्हासनगरहून पार्ट आणले. दुकानदार म्हणाला, "बेटा, इन्व्हर्टर बनाना है क्या?" म्हटलं, घर बनाना है. बिचाऱ्याने बिल पुढे सरकवलं.

२७ एप्रिल
बोर्डचा निकाल आला. खिडक्यांतून गरम हवा येते, म्हणून बंद. पंखा हवा थंड करत नाही, उलट त्याची मोटर तापते, म्हणून तोही बंद. गच्चीवर ओली गोणपाटं. यश आलं की बदलापुरातल्या सगळ्या वरच्या मजल्यांना हे मोफत द्यायचं.
आई म्हणाली, "जीव गुदमरतोय गं." तिला समजावलं, गुदमरणं म्हणजे तापमान नव्हे.

२९ एप्रिल
तळमजल्यावरच्या माईंनी गोणपाटं गुंडाळून कोपऱ्यात फेकली. दर उन्हाळ्यात कुरडया तिथेच वाळतात म्हणे. "गच्ची काय तुझ्या कॉलेजची आहे का गं?"
वाद घातला नाही. कुरडयांसाठी एक रेझिस्टर बोर्डवर वाढवला. विशेष फरक नाही. विज्ञान सगळ्यांना सामावून घेतं.

१ मे
कामगार दिनाची सुट्टी. पप्पा बनियन पिळत म्हणाले, "तुझ्या त्या बोर्डाला घाम येतो का बघ जरा." नव्या विचाराला घरूनच विरोध होतो, हे वाचलं होतं.

३ मे
दुपारी आई घरात नाही. मोरीत, जिन्यात, माईंकडे, सगळीकडे पाहिलं. शेवटी गच्चीवर सापडली. टाकीच्या सावलीत माईंसोबत बसून कुरडयांवरचे कावळे हाकत होती. चेहरा कित्येक दिवसांनी टवटवीत. म्हणाली, "आत भट्टी पेटलीय बाई. इथे वारा तरी लागतो." पप्पा मला न विचारताच कूलर आणायला गेलेत.
खाली जाऊन बोर्ड तपासला. खोली मस्त थंड आहे.
हे मी गच्चीवर बसून लिहितेय.