मंजुषाताईंकडचा चहा

११ नोव्हेंबर, सोमवार
दुरुस्ती. शनिवारी लिहिलं की मंजुषाताईंकडे चहा प्यायले. प्यायले नाही. त्या बिस्किटं आणायला आत गेल्या तेव्हा तुळशीच्या कुंडीत ओतला. बाबांनी शाळेआधी मला घरीच शिकवलं, तेव्हाचा नियम: खोटं लिहिलं गेलं तर खोडायचं नाही, खाली खरं लिहायचं. लिहिलं.
कारण साधं आहे. साखर जास्त होती. म्हणजे, असणार.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
एड्स जनजागृती दौड १ तारखेला. दौडीच्या फंडातून पेशंटना औषधासाठी यायला-जायला एसटीचं भाडं मिळेल. स्टेजवर मंजुषाताई पहिल्यांदाच सांगणार की त्यांना एचआयव्ही आहे. त्यांनी त्यांचं गाव, वडनेर, सोडलं तेव्हापासून हे दौड भरवणाऱ्या आमच्या ग्रुपशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणाल्या, "तू बाजूले बसशील तं बोलतो." वचन दिलं.
मग चहा आला. ॲसिडिटी आहे म्हटलं. तरी कप ठेवलाच. तुळशीचं लग्न कालच झालेलं, कुंडी अजून रंगवलेली. नवरीची माफी मागून ओतला.
पुढच्या वेळी नक्की पिणार.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
दौडीनंतरचं माझं भाषण पाठ. 'सोबत जेवल्याने, एका कपातून प्यायल्याने एचआयव्ही पसरत नाही.' या वाक्यावर हात उंचावायचा. बाबा म्हणाले, आवाजात खात्री आहे.
ताईंकडे गेले होते. आज उपास आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कायचा उपास वं? अन् उपासाले चहा चालत नाई?" कडक उपास आहे म्हटलं. खरं ठरावं म्हणून घरी येऊन जेवले नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
बाबा दौडीचा टी-शर्ट आखूड करून घ्यायला ताईंकडे गेले. त्या शिवणकाम करतात. दोन कप चहा पिऊन आले, वर चहातल्या आल्याची तारीफ. मी त्यांना मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या. हवा बदलली आहे.

१ डिसेंबर, रविवार
सेवाग्राम रोडवर पाच किलोमीटर. धावले, शेवटी चालले. भाषणाला टाळ्या. हात योग्य जागी उंचावला.
बाजूची खुर्ची रिकामी. मंजुषाताई मागे मांडवात थर्मास घेऊन बसलेल्या. सगळ्यांनी चहा घेतला. माझ्या हातात पाण्याची सीलबंद बाटली होती. धावल्यावर पाणीच प्यावं. त्यांना विचारलं, स्टेजवर काऊन नाही आलात? हसून म्हणाल्या, "पोरी, माही तुळस वाळली. चहानं. जिले माह्या घरचा चहा जात नाई, तिच्या बाजूले बसून मी काय सांगू लोकायले?"
बाबांनी त्यांच्याकडून तिसरा कप घेतला.

२ डिसेंबर, सोमवार
दुरुस्ती. साखरेचा प्रश्न नव्हता.
चहा उकळलेलाच असतो, त्यामुळे काळजीचं कारण नाही. हे वाक्यही दुरुस्त करते: उकळलेला नसता तरी नव्हतं. हे मला आधीपासून माहीत होतं. तेच तर भाषण होतं.
ताईंकडे नवीन तुळस नेणार आणि चहा पिणार. पूर्ण कप, त्यांच्यासमोर. आजच गेले असते, पण घसा जरा खवखवतोय. उद्या बाबांचं बँकेचं काम.
जाणार रविवारी, ८ डिसेंबरला. संध्याकाळी पाच वाजता.