मागच्या दाराची कडी

भाट्ये, रत्नागिरी
रविवार, ९ डिसेंबर २००७

वन्संना मालूचा वाकून नमस्कार.

"मालू, मागच्या दाराची कडी मी घालत नाही गो." लग्न होऊन मी गुहागरला आले त्या पहिल्याच वर्षी तुम्ही हे म्हणालात. कडेवर सुपारीची टोपली होती, माझ्याकडे बघितलंही नाहीत. मला वाटलं, मांजरासाठी सांगताय. मी हसलेसुद्धा.

मी बरी आहे. पूल ओलांडून रत्नागिरीत राहीचं शिवणाचं दुकान आहे, तिथे आता कापायलाही बसते. पहिले ब्लाउज तिनं उसवायला लावले. म्हणाली, "गुहागरात सगळ्या बायका एकाच मापाच्या असतात काय गो?" आता हात बसलाय. उजवं मनगट थंडीत दुखतं, पण कात्री धरता येते.

आर्या पुण्याला वसतिगृहात रमली. तिला लहानाची मोठी तुम्ही केलीत, त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न, "आत्या कशी आहे?" मी म्हणते, बरी आहे. हल्ली हे सांगताना माझा आवाज बदलतो आणि तिला तो कळतो.

तुमच्याकडे अंगणात सुपारी वाळत पडली असेल. पाय ठेवायला जागा नसेल.

तुमचा भाऊ व्यापाऱ्याकडे काम आहे सांगून रत्नागिरीला येत असेल. येतो तो राहीच्या दुकानासमोर. एक शहाळं घेतो, सावकाश पितो आणि बघत राहतो. संध्याकाळी मी निघाले की पुलावर मागून चालतो. बोलत नाही. हात लावत नाही. मी थांबले की तो थांबतो, कठड्याला टेकून खाडी बघतो. राही म्हणते, "मालिनीताई, तुझा पहारेकरी आला. आज शर्टाला इस्त्री आहे हो!" तिच्या बोलण्यानं मी हसते, पण दोरा सुईत जात नाही.

पोलिसांकडे गेले होते. हवालदार वाईट नव्हता. म्हणाला, "नवराच ना तुमचा? मग पाठलाग कसला, वहिनी? न्यायला येत असेल."  उत्तर मला पुलाच्या मध्यावर आल्यावर सुचलं, की न्यायला येणारा माणूस पुढे येतो, मागे राहत नाही.

मग राहीनंच मला संरक्षण अधिकारी बाईंकडे नेलं. गेल्या वर्षी नवा कायदा लागू झालाय, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" वन्सं, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग म्हटलं, "मला पुलावरून एकटीला चालत घरी जायचंय." त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. अर्जात नवऱ्याचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. देवदत्त. लिहिताना जीभ चावली गेली, उखाण्याशिवाय कधी घेतलंच नव्हतं.

कोर्टानं तात्पुरता हुकूम दिला. त्यानं दुकानापाशी यायचं नाही, फोन करायचा नाही. तेव्हापासून तो दुकानाकडे येत नाही, पुलाच्या भाट्याकडच्या टोकाला उभा राहतो. कायम हुकुमासाठीची सुनावणी पुढच्या सोमवारी आहे, सतरा तारखेला.

त्यानं कोर्टात लेखी म्हणणं दिलंय. बायकोचा हात शेवाळावरून घसरून मोडला. आणि ग्रामदेवीनं कौल देऊनही बायको घर सोडून गेली.

कौलाच्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात. हात मोडल्यावर मी मुरुडला माहेरी गेले होते; तिथून माहेरच्यांनीच मला, हात गळ्यात बांधलेला तसाच, आणून उभं केलेलं. गुरवानं देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार; सगळ्यांनी हात जोडले आणि मी मुकाट्यानं नांदायला परतले. पुढची कितीतरी वर्षं मी देवीवर रुसून होते. मग तिथेच एक दिवस आठवलं, गाऱ्हाणं काय घातलं होतं? "सून घरी आली तर घराचं भलं होईल ना?" घराचं भलं झालंच की. बागा वाढल्या, पडवीला लाद्या बसल्या. देवी खोटं बोलली नाही. माझ्या हाताचं तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

म्हणून यंदाच्या शिमग्यात, पालखी पुढच्या अंगणात नाचत असताना, मागच्या दारानं निघताना मला भीती वाटली नाही. कडी काढलेलीच होती. तुम्ही विहिरीकडे तोंड करून उभ्या होतात.

तो श्रावण तुम्हाला आठवतो. चहा गार झाला म्हणून त्यानं माझा हात पिरगाळला, तेव्हा तुम्ही पडवीत वाती वळत होतात. डॉक्टरांना "शेवाळावरून घसरली" असं तुम्ही सांगितलंत. मी रागावले नाही. नवरा गेल्यावर भावाच्या घरात राहणारी बाई दुसरं काय सांगणार? शिवाय श्रावण होता. अंगणात शेवाळ होतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

तुमच्याकडे सुपारी सोलायला येते ती कमळा डोळे दाखवायला रत्नागिरीला आली होती. विचारत विचारत दुकानात आली. म्हणाली, "मोठ्या बाईंचा हात बांधलाय. शेवाळावरून घसरल्या म्हणतात." मी विचारलं, कधी? तर कोर्टाचा कागद घरी पोचला त्याच आठवड्यात.

वन्सं, या दिवसांत तुमच्या अंगणात शेवाळ कुठलं? सुपारी वाळतेय तिथे.

मी अर्ज केला आणि मार तुम्हाला पडला. राही म्हणाली, "मग काय, अर्ज मागे घेतेस?" रात्रभर नाही, उभ्या उभ्याच विचार केला आणि नाही म्हटलं. मागे घेतला तर तो आपल्या दोघींना मारील, एवढंच होईल. अधिकारी बाईंना विचारून आले. हा कायदा नुसता बायकोसाठी नाही. एका घरात राहणारी बहीणही अर्ज करू शकते, आणि त्या घरात राहण्याचा तिचा हक्कही तो सांभाळतो. बाईंनी तुमचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही. ते तुम्ही सांगायचं.

हे पत्र कमळाच्या हाती देतेय. वाचून चुलीत घाला.

सतरा तारखेला या. पहिल्या एसटीनं निघालात तर वेळेत पोचाल, राही स्टँडवर उभी राहील. कोर्टात एकच वाक्य बोलायचं, "ती घसरली नव्हती." जमलं तर दुसरं, "मीही नाही." मग माझ्याकडे राहा. माझ्या खोलीला मागचं दार नाही. एकच दार आहे आणि तुमच्या भावामुळे मला ते कडी लावून बसावं लागतं. पण तुमची हाक मी कुठूनही ओळखीन.

तुम्ही नाही म्हणाल. "आता या वयात काय गो, मालू," असंच म्हणाल, आणि पुन्हा वाती वळायला बसाल. हे ठाऊक असूनही विचारतेय, कारण यावेळी गाऱ्हाणं मी घातलंय, आणि तुमच्या हातासाठी घातलंय.

या, वन्सं.

तुम्ही उघड्या ठेवलेल्या दारानं बाहेर पडलेली,
मालू