ज्या नावानं आत नेलं

लातूर, मार्गशीर्ष शुद्ध २, शके १८६१

पोचलो एकदाचा. नांदेडहून निघालेली सर्व्हिस मोटार अहमदपूरच्या अलीकडं दोनदा बसली. दोन्ही वेळा ड्रायव्हरसाहेबांनी आधी निवांत विडी ओढली आणि मगच इंजिनाचं टोपण उघडलं. अंगावर एवढी धूळ की वसंतरावांनी मला मिठी मारायच्या आधी उपरण्यानं झटकून काढलं. त्यांचं ते उपरणंही आता माझ्याच रंगाचं झालंय.

वसंतराव इथला चित्रवर्ग चालवतात. माणूस हैदराबादेत शिकलेला, पन्नाशीचा, पण बोलायला लागला की विशीतला वाटतो. सरकारी मदरशात सगळं उर्दूतून, आणि खाजगी वर्ग काढायचा तर इजाजत लागते. यांना ती चटकन मिळाली. चित्रं काढणारी पोरं काय राज्य बुडवणार, असं तहसीलदार म्हणाला म्हणे. चला, आमच्या विद्येचा कुणाला तरी उपयोग झाला.

खोली गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं, साखराबाईच्या अंगणात. ही निलंग्याकडची शेतकरीण. नवरा शेषेराव गावी जमीन बघतो आणि ही एकुलत्या पोरीला घेऊन इथं राहते. आल्या आल्या भाकरी आणि ठेचा पाठवला. कानातून धूर निघाला, तरी दुसरी भाकरी मागून घेतली. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो.

कुसुमला पत्र टाकायला हवं. आमची सिंधू गेल्यापासून ती हदगावला भावाकडं आहे. निघताना भेटायला गेलो तर भिंतीकडं तोंड करून एकच वाक्य बोलली, की आपल्या पोरीचा चेहराच डोळ्यांपुढं येत नाही आता. फोटो कधी काढलाच नव्हता. आणि मी, लोकांच्या बापजाद्यांच्या तसबिरी रंगवून पोट भरणारा, माझ्याकडं सिंधूची चित्रं आहेत ती सगळी पाठमोरी, वेणीची. ती समोर बसायचीच नाही. पळायची.

मार्गशीर्ष शुद्ध ५

आज वसंतरावांची पद्धत बघितली. आधी हसू आलं, मग नाही आलं.

पोरांना भिंतीला टेकून बसवतात. हातात सुताची टकळी घेऊन ती फिरत ठेवतात आणि हळू आवाजात बोलत राहतात. पोरांच्या पापण्या जड होतात. याला ते संमोहन म्हणतात. बाजारातले लोक नजरबंदी म्हणतात आणि लांबून जातात. वसंतरावांचं म्हणणं असं की आपल्या पोरांचा हात छडीनं आणि लाजेनं आखडलेला असतो, जरा गुंगीत नेला की सुटतो. खरंच सुटतो. उदगीरच्या विरूपाक्षनं, ज्याला काल मडकं धड काढता येत नव्हतं, आज डोळे अर्धे मिटून असा बैल काढला की त्याच्या वशिंडावर हात ठेवावासा वाटला.

नियम मात्र एकच, आणि तो त्यांनी मला तीनदा ऐकवला. आई ज्या नावानं हाक मारते त्या नावानं पोराला आत न्यायचं आणि ज्या नावानं आत नेलं त्याच नावानं बाहेर आणायचं. मी म्हटलं, हे तर गुरं मोजण्यासारखं झालं. ते हसले नाहीत.

मार्गशीर्ष शुद्ध ९

साखराबाईची पोरगी वर्गात येते. दहा-अकराची असेल. नाव दगडाबाई. आता इतक्या गोड पोरीला हे नाव ठेवायला कुणाची जीभ कशी वळली असेल? पोरं चिडवतात, ती मान खाली घालते आणि खडू इतका दाबते की मोडतो. घरी सरावाला बसवा म्हणून साखराबाईच मागं लागली. ‘मास्तर, लई गुणाची हाय हो, पर हात उचलंना,’ म्हणाली.

दुपारी ओसरीवर बसवली. टकळी फिरवली, दगडाबाई म्हणून हाक मारत मारत नेली. गेली आत. पण हात तसाच, मुठीत खडू. मला तिची दया आली. म्हटलं, बाळ, तू दगड नाहीस, टाकून दे ते नाव, इथं तुझं नाव वेगळं आहे. आणि नाव सुचायला हवं तर तोंडातून सिंधू आलं. दुसरं कुठलं येणार होतं?

हात सुटला. पाटीवर एक पाठमोरी पोरगी उतरली. वेणी डावीकडं झुकलेली, फीत सुटत आलेली. मी किती तरी वेळा काढलेली वेणी ती. माझी चित्रं ट्रंकेत आहेत, तिनं पाहिलेली नाहीत.

सिंधू, ये बाहेर, म्हटलं. ती डोळे उघडून छान हसली.

मार्गशीर्ष शुद्ध १३

रोज बसवतो. आता कागद देतो. प्रत्येक चित्रात पोरगी थोडी थोडी वळते आहे. परवा कान दिसला. काल गाल. आज भुवईचं टोक, आणि तिच्यावर सिंधूची, उंबऱ्याला आपटून पडलेली ती खोक.

मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडलो. मोठा माणूस, काय सांगावं. पण रडून बरं वाटलं. चेहरा पुरा झाला की स्वतः हदगावला नेऊन कुसुमच्या मांडीवर ठेवीन.

मार्गशीर्ष वद्य २

चेहरा आला. तीच. हनुवटीवरची खळी मी विसरलो होतो. बाप असून विसरलो होतो.

एक गोष्ट आज ध्यानात आली. चित्रांत मागं, लांब, आणखी एक पोरगी आहे. ती पाठमोरी आहे. सगळी चित्रं ओळीनं लावून बघितली. जशी सिंधू आमच्याकडं वळते, तशी ही दूर जाते. पहिल्यात बोटाएवढी होती, आजच्यात तांदळाएवढी. तिनं लुगड्याच्या धडप्याचा परकर नेसलाय, साखराबाईनं शिवलेला.

मार्गशीर्ष वद्य ५

साखराबाई चुलीपुढं बसून सांगत होती की पोर दोन हाका मारल्याशिवाय वळंना, आता तर दोन मारूनही वळंना. भाकरी नको म्हणते. दुधात पोळी कुस्करून, वर गूळ घालून मागते. ‘आमच्यात कुनी असं खातंय का मास्तर, कुठं शिकली?’ असं तिनं मलाच विचारलं.

सिंधूचं खाणं ते.

संध्याकाळी पोरगी ओसरीवर आली आणि चित्र काढायला बसली, टकळी न फिरवताच. डाव्या हातानं. सिंधू डावखुरी होती. उठताना मला बाबा म्हणाली. दटावायला हवं होतं. नाही दटावलं. लाज वाटते लिहायला, पण पुन्हा म्हणावं असं वाटलं.

मार्गशीर्ष वद्य ७

आज साखराबाईनं मला नावाची गोष्ट सांगितली.

हिच्या आधी तिची पाच मुलं गेली. कुणी पाळण्यात, कुणी रांगतं असताना. नावं चांगली ठेवलेली, देवादिकांची. ही झाली तेव्हा सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, नको आम्हाला म्हणून टाकून दिली, आणि मग परक्याची म्हणून पसाभर ज्वारी देऊन परत उचलली. नाव दगडाबाई. म्हणजे मरण दारात आलं तर म्हणेल, इथं दगड आहे, नेण्यासारखं काही नाही. ‘त्या नावावर जगली हो माझी बाय,’ म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी वरण वाढलं.

ताट बाजूला सारलं. ते नाव मी टाकायला सांगितलं होतं.

मार्गशीर्ष वद्य ८

वसंतरावांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसले. मग विचारलं, आत कोणत्या नावानं नेली. दगडाबाई. बाहेर कोणत्या नावानं आणली. सिंधू. मग दगडाबाई कुठं आहे रेणुकादास, असं त्यांनी विचारलं.

आतच आहे. मी तिला आत नेलं आणि तिथंच सोडून दुसरीला घेऊन आलो.

दोघांनी मिळून बसवली. वसंतरावांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. ती शांत बसून राहिली, दुसऱ्या कुणाला बोलावत असावेत तशी. मग कागद ओढून चित्र काढलं. पुढं सिंधू, हसरी. मागं ती लांबची पोरगी, आता ठिपक्याएवढी. आणि तिच्याही पलीकडं लहान लहान पोरं, ओळीनं, वाट बघत असल्यासारखी.

साखराबाई चहा घेऊन आली आणि चित्र बघितलं. कप खाली ठेवला. एकेका पोरावर बोट ठेवून तिनं नाव घेतलं. पाचही. शेवटच्यावर बोट ठेवून म्हणाली, ह्याला अजून टोपडं हाय. मग विचारलं की ही माझी लेकरं कुठं निघालीत, आणि दगडी त्यांच्याकडं का जाऊन राहिली.

मी सांगितलं तिला. सगळं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मार्गशीर्ष वद्य ११

पोरीला थंडी वाजून ताप. दिवेलागणीला सुरू होतो. डॉक्टर हिवताप म्हणतो, कोयनेल देतो.

हिवताप नाही. मला ठाऊक आहे. सिंधूला असाच आला होता, असाच दिवेलागणीला. दात वाजायचे, मग माझा अंगठा मुठीत धरून पडायची. शेवटच्या दिवशी थंडी थांबली, आम्हाला वाटलं उतरला. मूठ आम्हीच सोडवली मग.

ही माझा अंगठा मागते.

मार्गशीर्ष वद्य १२

साखराबाईनं ठरवलंय. पुन्हा टाकायची. पुन्हा उचलायची. पुन्हा तेच नाव ठेवायचं. पण टाकायचं कुणी? ज्याची आहे त्यानं. मागं आई होती, म्हणून आईनं टाकली. आता ती आई म्हणून कुणाला हाक मारते? मारतच नाही. बाबा म्हणते.

म्हणजे मी.

उद्या उजाडताना उकिरड्यावर नेऊन सुपात बसवायची आणि तिच्या तोंडाकडं बघून म्हणायचं, नको मला ही. मग मागं न बघता निघून यायचं. साखराबाई पलीकडून पसाभर ज्वारी घेऊन येईल. हात जोडून म्हणाली, ‘मास्तर, तुमची गेलेली हाय. माझी जित्ती हाय. एवढं म्हना.’

म्हणेन. का नाही म्हणणार. तीन शब्द तर आहेत. साखराबाईची पोर आहे ती, माझी नव्हे. माझी गेली.

कुसुमला चेहरा दाखवायचा राहिला.

मार्गशीर्ष वद्य १३, सकाळ

नेली.

धुकं होतं. सुपात मावेना, पाय बाहेर. वाकळ गुंडाळली होती. साखराबाई बाभळीपाशी उभी, ओंजळीत ज्वारी.

मी समोर बसलो. नको, एवढं म्हणालो. नको मला — तिनं वर बघितलं. भुवईवर खोक. दगडाबाईच्या भुवईवर खोक नव्हती, मी शपथेवर सांगतो, कधीच नव्हती. हनुवटीला खळी.

बाबा, इथं थंडी वाजते, घरी चला, म्हणाली.

एकदा पोचवून आलो होतो मी तिला. गोदावरीच्या काठी. दुसऱ्यांदा, माझ्याच तोंडानं —

उचलली. छातीशी धरून पळत आलो. मागं ज्वारी सांडल्याचा आवाज आला. कडी लावली.

तीच तारीख, थोड्या वेळानं

साखराबाई दाराशी. दगडे, दगडे, म्हणते. दार वाजवत नाही. नुसतं हळू बोलते, झोपलेल्या पोराला उठवावं तसं.

ही माझ्या मांडीवर. दात वाजतात. दुपारच्या मोटारीनं निघतो. कुसुमला एकदा बघू दे. एकदाच. मग आणून देतो. खरंच देतो.

आजचं चित्र बघितलं. सिंधू आहे. मागं कुणी नाही. ठिपकासुद्धा —

काय केलं मी.

अजून

आता दारातून वेगळी हाक आली. आधी कळलंच नाही. सिंधू, म्हणते ती. साखराबाई. सिंधू, दार उघड माय. कुनाची का हायीना तू. जित्ती ऱ्हा म्हंजे झालं. मी दूध-पोळी करते तुला, गूळ घालून. ये बाहीर.

ऐकवत नाही. उघडायलाच हवं. आईला द्यायलाच हवी.

उठतो आहे. डाव्या हातानं लिहितोय, उजवा अंगठा तिच्या मुठीत. थंडी थांबली तिची. दात वाजत नाहीत. उतरला वाटतं —

सोड बाळ. दार उघडतो. सोड.

मूठ घट्ट आहे. गार आहे.

साखराबाई दोन्ही नावांनी हाका मारून राहिली — एकदा हे, एकदा ते — मीही मारल्या, दोन्ही — आणि इथून एकालाही ओ —