कात मध्यावर की कडेला

सर, आज बाजारातून आणलेल्या लिंबांवर तांबडे ठिपके दिसले आणि नकळत मी एक नखाने खरवडून पाहिला. तुम्ही गेलात तेव्हा मी तिशीचीही नव्हते. आता तुमच्या तेव्हाच्या वयाहून मोठी झाले आहे.

सत्तर सालच्या आसपास धुळ्याच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला कीटकशास्त्र शिकवायचात. वर्गात आम्ही दोघीच मुली. पहिल्या प्रात्यक्षिकाला मी लिंबाच्या पानावरची खवले कीड सुईने उचलली आणि ऐटीत काचपट्टीवर ठेवली. तुम्ही भिंगातून पाहिलंत आणि म्हणालात, "हे नुसतं कवच आहे. घर उचलून आणलंस, बाई पानावरच राहिली." सगळे हसले. मग तुम्हीच शांतपणे दाखवलंत. ही कीड मेणाचं आणि स्वतःच टाकलेल्या कातीचं छप्पर करून त्याखाली बसते. छप्पर गोल की लांबट, कात मध्यावर की कडेला, हे आधी बघायचं. पण नुसत्या छपरावरून नाव द्यायचं नाही. कीड पोटॅशमध्ये पारदर्शक करायची, रंगवायची आणि पोटाच्या टोकावरचे दाते मायक्रोस्कोपखाली पाहायचे.

पुढच्या हिवाळ्यात जवळच्या खेड्यातले एक म्हातारे बागायतदार, आबा, ओल्या फडक्यात पानं गळत चाललेली लिंबाची फांदी गुंडाळून आले. "पाने गळी राहिनात, साहेब. काय शे हाई?" तुम्ही त्यांना बसायला सांगितलंत आणि मला स्लाइड करायला लावलीत. स्लाइड झाल्यावर तुम्ही मायक्रोस्कोपवर वाकता, चक्र फिरवता, पुन्हा फिरवता. भिंगाखाली स्लाइडची काच तडकल्याचा आवाज येतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "दिवा लाव." मी म्हणते, "सर, लागलाय." आबा फांदीकडे बघत असतात.

मग तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत. "दुसरी स्लाइड कर. आणि तू बघ. दिसेल ते सांग, नाव सांगू नकोस." मी सांगत गेले: कवच गोल, तांबूस, कात मध्यावर, अंग काजूसारखं वळलेलं, टोकाला दात्यांच्या तीन जोड्या. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. "कवच काढताना कीड सुटली, की चिकटून आली?" "चिकटून आली, सर." तेव्हा तुम्ही आबांकडे वळून नाव सांगितलंत, ते अगदी बरोबर होतं. आबांना नावाचं काय, सगळी बाग जाणार का एवढंच हवं होतं. "मंग बठ्ठी बाग जाई का?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "फांद्या छाटून जाळा, तेलाची फवारणी करा. पण खोडापर्यंत गेली असेल तर माझ्या हातात काही नाही, आबा." खोडापर्यंत गेलेली होती. पावसाळ्याआधी त्यांनी बाग तोडली, असं आपल्याला कळलं. त्याच सुमारास तुम्ही नोकरी सोडलीत.

पुढे तुम्ही मेहरूणला थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे, राहायला गेलात; तिथे मी एकदाच आले. अंगणात लिंबाचं झाड होतं. तुम्ही चाचपडत एक पान तोडलंत, त्यावरून अंगठा फिरवलात, नखाने खरवडलंत. चेहरा एकदम उजळला. "आहे बघ. कात कुठे आहे, मध्यावर की कडेला?" मी पान डोळ्यांजवळ धरलं, उन्हात नेलं. माझ्याकडे भिंग नव्हतं. "दिसत नाही, सर." तुम्ही हसलात. "मग आपण दोघं सारखेच." अक्का चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच आत वळल्या. मी पान हातात धरून बसून राहिले. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

हे कुठे पाठवायचं नाहीच. इतकं सगळं लिहिलं, पण विचारायचं एवढंच होतं की दिसेनासं होतंय हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं, आणि तुम्ही ते कोणाला सांगितलं होतंत का. तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. आताही, सर, उत्तर येणार नाही म्हणूनच विचारते आहे.